सात रात्रींचा अटलांटिक

आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेही बोटीनंच. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. 1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत एकेक मोठी बोट मोडीत तरी निघाली, नाहीतर धक्क्याला कायमची बांधली गेली. पहिली ‘क्वीन मेरी’ 1967 पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, ‘क्यूई 2’चं दुबईत हॉटेल झालं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला वेळापत्रकानं ये-जा करणारी ‘क्वीन मेरी 2’ तेवढी उरली आहे. एक मुलगा लंडनला, एक न्यू जर्सीत, दोघांकडे जायचंच आहे, तर मधला टप्पा समुद्रानं का करू नये, असं ज्यांच्या मनात घोळतं आहे त्यांनी ही बोट नीट समजून घ्यावी. ती समजली की जाण्याआधीचे दिवससुद्धा मजेत जातात.

क्रूझची बोट आणि ही बोट एकच, असा पुष्कळांचा समज असतो. क्रूझची बोट बंदरं दाखवत फिरते. हवा बिघडली तर ती एखादं बंदर गाळते, मार्ग बदलते. ‘क्वीन मेरी 2’ आहे लायनर, आणि लायनरला एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्याला जायचं असतं, तेही ठरल्या दिवशी, आणि मध्ये आडोसा नाही. म्हणून तिची बांधणीच निराळी. ‘क्वीन मेरी 2’ फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधली गेली आणि जानेवारी 2004 मध्ये पहिल्या प्रवासाला निघाली. लांबी 345 मीटर. पाण्याखाली ती सुमारे 10 मीटर बसते. प्रचंड क्रूझ बोटीही बहुधा इतक्या खोल नसतात. नाळ (बोटीचं पुढचं टोक) लांब आणि निमुळती, म्हणजे लाटेवर आपटण्याऐवजी ती लाट कापत जाते. पोलाद जाड वापरलेलं. पुढच्या डेकवर एक उंच पोलादी आडभिंत आहे, नाळेवरून चढून आलेलं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंना वाहून जातं. त्याच डेकवर वाकड्या पात्यांची चकचकीत शिल्पं मांडल्यासारखं काहीतरी दिसतं. ती शिल्पं नाहीत, बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याची जादा पाती आहेत. वेळ पडली तर उपयोगी यावीत म्हणून बरोबर नेलेली.

हा पंखा फिरतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या बोटींत इंजिनापासून पंख्यापर्यंत लांबलचक दांडा जायचा. इथे तो नाही. बोटीच्या पोटात चार डिझेल इंजिनं आहेत आणि वर धुराड्यापाशी दोन गॅस टर्बाइन. टर्बाइनला भरपूर हवा लागते म्हणून त्यांची जागा वर. ही सगळी मिळून वीज तयार करतात. बोटीच्या मागच्या तळाला बाहेरून चार मोठे पॉड टांगलेले आहेत. प्रत्येकात विजेची मोटर, मोटरला पंखा. दोन पॉड पक्के आहेत, दोन स्वतःभोवती पूर्ण फिरतात. त्यांच्यामुळेच बोट वळते, वेगळं सुकाणू नाही. सगळी ताकद लावली तर ती तासाला 30 सागरी मैलांच्या आसपास धावते, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर. सात रात्रींच्या वेळापत्रकात मात्र 20 च्या आसपास पुरतं. उरलेली ताकद राखीव असते. वादळाला वळसा घालावा लागला, तरी तो वेळ भरून काढता येतो.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते, बोट लागणं. बोट दोन तऱ्हेनं हलते. एक, डावीकडून उजवीकडे डोलणं. त्यावर उपाय आहे: पाण्याखाली दोन्ही बाजूंना विमानाच्या पंखांसारखे पंख बाहेर काढता येतात आणि बोट एका बाजूला कलू लागली की ते तिरके होऊन तिला उलट रेटतात. यानं डोलणं बरंच कमी होतं. दुसरी हालचाल म्हणजे नाळ वर, मागची बाजू खाली, मग उलट. तिला हे पंख रोखू शकत नाहीत. तिथे बोटीची लांबी कामी येते आणि आपली अक्कलही. घाटात एसटीच्या मागच्या सीटवर जे हाल होतात ते मधल्या सीटवर होत नाहीत, इथेही तेच. ज्यांना गाडी लागते त्यांनी बोटीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. उंचावरच्या, टोकाच्या केबिनला दृश्य सुरेख आणि हेलकावेही सर्वांत जास्त. आत बसलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतो आहोत; या भांडणातून मळमळ होते. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहावं. पोट अगदी रिकामं ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा आणि डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. हिवाळ्यात हा समुद्र खवळलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मे ते ऑगस्टमधली फेरी निवडावी.

बाल्कनीची केबिन घ्यायची तर बोटीच्या अंगातच खोबणीसारखी कोरलेली बाल्कनी मिळते का, ते पाहावं. तिचा कठडा पोलादी असतो, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. पण वारा अडतो, आणि अटलांटिकवर वारा अडणं मोलाचं आहे. इथे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात. बोट पश्चिमेला 20 च्या वेगानं चालली आहे आणि समोरून तितकाच वारा येतो आहे, तर डेकवर 40 चा वारा झोंबतो. जुलैतसुद्धा विंडचीटर आणि कानटोपी लागते.

तरीही मी सांगेन, पहिला प्रवास साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडेच करावा. न्यूयॉर्कचं घड्याळ पाच तास मागे आहे. त्या दिशेनं जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे पाच दिवस 25 तासांचे मिळतात. शरीर हळूहळू रुळतं, जेट लॅग होत नाही. उलट दिशेनं येताना एकेक तास कापला जातो.

मार्ग नकाशावर वाकडा दिसतो. गोल पृथ्वीवरचं जवळचं अंतर सपाट कागदावर उत्तरेला फुगलेल्या कमानीसारखं उमटतं. हिमनगांच्या मोसमात बोटी ही कमान सोडून बऱ्याच दक्षिणेकडून जातात. ‘टायटॅनिक’ 1912 मध्ये याच साउदॅम्प्टनहून निघाली होती. ती बुडाल्यानंतर हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, ती आजही चालू आहे. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमवरची उबदार, दमट हवा लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर येते आणि दाट धुकं धरतं. धुक्यात दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा, असा नियम आहे. रात्री तो ऐकू आला तर घाबरायचं कारण नाही. ‘क्वीन मेरी 2’च्या भोंग्यांपैकी एक पहिल्या ‘क्वीन मेरी’वरचा आहे.

निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपली जमण्याची जागा नीट पाहून ठेवावी. दिवसभर काय करायचं, हा प्रश्न पडत नाही. मोठं ग्रंथालय आहे, तारांगण आहे, दुपारचा चहा आहे. मला स्वतःला सातव्या मजल्यावरचा डेक सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यावरून बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. तीन फेऱ्यांत साधारण 1.8 किलोमीटर चालणं होतं. संध्याकाळी नीटनेटका पोशाख लागतो आणि काही रात्री खास समारंभी. तिथे पैठणी किंवा बंदगळा शोभून दिसतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच कळवावं.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा आधीच हातात लागतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी कधी फार लांबची मिळते, म्हणून आधी व्हिसा, मग तिकीट. बोटीवर दवाखाना आहे, पण तिथले दर परदेशातले आणि भर समुद्रात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. समुद्रप्रवास धरणारा विमा काढावा आणि रोजची औषधं चार दिवस जास्तीची घ्यावीत. सामानावर विमानासारखं वजनाचं बंधन नाही, पण बोटीपर्यंत विमानानंच जायचं असल्यानं त्याचा फार फायदा होत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. बोट पहाटे न्यूयॉर्कच्या व्हेराझानो-नॅरोज पुलाखालून जाते. या पुलाखालून जाता यावं म्हणून तिचं धुराडं बेतानं बुटकं केलं आहे; वर पाहताना ते पुलाला घासणार असंच वाटतं. त्यानंतर डावीकडे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि समोर मॅनहॅटनचे दिवे. हे सगळं ब्रुकलिनच्या धक्क्याला लागण्यापूर्वी आणि बहुधा उजाडण्यापूर्वी होऊन जातं. आदल्या रात्री पुलाची वेळ विचारून घ्या, गजर लावा आणि अर्धा तास आधी वरच्या डेकवर डाव्या कठड्याशी जागा धरा.