दूध उतू जातं तेव्हा मन कुठे असतं?

परवा पुन्हा दूध उतू गेलं. मी गॅससमोरच उभी होते. डोळे पातेल्यावर, मन मात्र पुण्याला शिकायला गेलेल्या लेकीजवळ! "अगं, लक्ष कुठंय तुझं?" सासूबाईंचा आवाज आला तेव्हा शेगडीवर दुधाचं तळं झालं होतं. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हे होतंच ना? आणि मग आपणच स्वतःला वेंधळी म्हणून मोकळ्या होतो.

लेकीला फोनवर सांगितलं, तर ती हसली. मानसशास्त्र शिकतेय ती. म्हणाली, "आई, तू वेंधळी नाहीस. तुझ्या मेंदूतलं दुसरं जाळं चालू होतं."

तिनं सांगितलेलं मला समजलं ते असं. मेंदूचे लांबलांबचे भाग जोडीनं काम करतात, जणू जाळंच. हिशेब करताना, सुईत दोरा ओवताना एक जाळं जागं असतं. हात रिकामे झाले, किंवा काम अगदी सवयीचं असलं, की दुसरं जागं होतं. जुन्या आठवणी, उद्याची काळजी, 'ती मला असं का बोलली' हे सगळं त्यातलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या अवस्थेला 'डिफॉल्ट मोड' असं नाव दिलं. साधारणपणे एक जाळं वर आलं की दुसरं खाली बसतं, हे २००५ मध्ये तिथल्याच अभ्यासात दिसलं. आणि आता कुणाची पाळी, हे ठरवायला मदत करणारं तिसरंही जाळं असतं. घरातल्या जाणत्या जाऊबाईसारखं!

आणखी एक गंमत. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण तो शक्ती खातो वीस टक्के. आपण स्वस्थ बसलो तरी हा खर्च फारसा कमी होत नाही. म्हणजे रिकामं मन रिकामं नसतंच.

हे ऐकताना मला आमच्या बचत गटातली एक मैत्रीण आठवली. नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हापासून ती तासन् तास भिंतीकडे बघत बसायची. रात्र रात्र झोप नाही. जेवणावरची वासना गेलेली. आम्ही सगळ्या एकच सांगायचो, "विचार करू नकोस गं." आज त्याची लाज वाटते. खोल नैराश्यात हे स्वतःभोवती फिरणारं जाळं हवं तेव्हा शांत होत नाही, असं संशोधनात दिसलंय. अडकलेल्या बटणाला 'बंद हो' म्हणून ते बंद होतं का?

शेवटी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. "ती काय वेडी आहे?" म्हणून घरचे रागावले. पण औषध आणि बोलणं, दोन्हींनी हळूहळू फरक पडला. परवा गटाचा हिशेब तिनंच लिहिला.

तेव्हा मैत्रिणींनो, मन भरकटलं म्हणून स्वतःला बोल लावू नका. पण दोन आठवडे झाले तरी तेच विचार पाठ सोडत नसतील, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना गाठा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबरही आहे.

बाकी दुधाचं काय! आता उतू गेलं, की मी सासूबाईंना सांगते, "मन जरा लेकीला भेटून आलं."