बुरशी, चुना आणि स्निग्ध वेष्टन

पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत डिंक्या रोग टाळण्यासाठी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावतात. नुसता मोरचूद बुरशी मारतो खरा, पण कोवळी पालवीही जाळतो. कळीच्या चुन्याने त्याचा दाह शमतो. फ्रान्समधील मियार्दे यांनी १८८५ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. रोग मरावा आणि रोगी वाचावा, हाच कृषिरसायनशास्त्राचा मुख्य प्रश्न होय.

वैद्यकापुढेही तोच प्रश्न होता. मातीतील सूक्ष्मजंतूपासून मिळालेले अँफोटेरिसिन-बी बुरशीवर प्रभावी, परंतु मूत्रपिंडांना घातक ठरे. इंग्लंडमधील अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६४ मध्ये दाखविले की, लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात पडताच त्यांच्या अतिसूक्ष्म, बंद पिशव्या आपोआप बनतात. हेच लायपोसोम. या वेष्टनात बसविलेले अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना पुष्कळच कमी बाधते. २०२१ मध्ये करोनामागोमाग काळी बुरशी आली, तेव्हा याच औषधासाठी रुग्णांच्या आप्तांना वणवण करावी लागली.

म्हणून शेतीच्या रसायनांकडून औषधांकडे वळणारा रसायनज्ञ आपला विषय सोडतो, असे समजू नये. जहालास आवर घालणे हेच दोन्हीकडचे काम. तेथे चुना, येथे स्निग्ध वेष्टन, इतकाच भेद.