काळ्या पाषाणाचे गोत्र

मौजे अंबाडीच्या नाक्यावरून वाड्याकडे अथवा वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या प्रवाशास शेताच्या बांधावर, विहिरीच्या बांधकामात, जुन्या घरांच्या जोत्यात आणि भिवंडी तालुक्यातील खाणींच्या खडीत जो काळा पाषाण पदोपदी आढळतो, त्याविषयी आपल्याकडे सरसकट असा ग्रह आहे की, पृथ्वीच्या पोटात लाव्हारसाचा अथांग सागर उकळतो आहे, त्यातला काही भाग कधीकाळी उसळून वर आला आणि थिजला, व म्हणून जगातला सारा काळा दगड एकाच रसाचा. या समजुतीतले जवळजवळ प्रत्येक विधान तपासून घेण्याजोगे आहे.

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरण, जे सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरले आहे, ते द्रव नाही, घन आहे. भूकंपाच्या ज्या आडव्या कंपनाच्या लहरी द्रवातून मुळीच जाऊ शकत नाहीत, त्या प्रावरणातून बेलाशक पार होतात, हा त्याचा निर्णायक पुरावा होय. हा घन पाषाण अतितप्त असल्यामुळे लक्षावधी वर्षांच्या अवधीत अत्यंत मंद गतीने वाहतो, ही गोष्ट वेगळी. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील तानसेकाठची गरम पाण्याची कुंडे भूगर्भातील लाव्हाची साक्ष म्हणून दाखविली जातात. परंतु तेथील लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी निवून गेला. भेगांवाटे खोलवर झिरपलेले पावसाचे पाणी तेथील स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते, इतकाच त्या कुंडांचा अर्थ आहे.

मग घन प्रावरण वितळते कशाने? कोणी खालून आच दिल्याने, असे उत्तर सहज सुचते. पण बहुतेक ठिकाणी नवी उष्णता मिळतच नाही, केवळ दाब उतरतो. तप्त पाषाण वर सरकू लागला की त्याचे स्वतःचे तापमान फारच थोडे घटते, मात्र त्यावरील भार हलका होत गेल्याने त्याचा वितळबिंदू त्याहून कितीतरी झपाट्याने खाली येतो, आणि एका खोलीवर तो पाषाण आपोआप वितळू लागतो. दुसरा मार्ग पाण्याचा. अंदमानातील बॅरन बेटाखाली महासागरी भूपट्ट खाली जात असता त्यातून सुटणारे पाणी वरच्या प्रावरणात शिरते व त्याचा वितळबिंदू उतरविते. भारताच्या हद्दीतील तो एकमेव जागृत ज्वालामुखी या जलाचे अपत्य आहे.

खरे मर्म पुढेच आहे. प्रावरणाचा पाषाण, म्हणजे ऑलिव्हीन व पायरोक्झीन यांनी भरलेला हिरवट पेरिडोटाइट, कधीच सबंध वितळत नाही. त्याचा थोडासाच अंश द्रवरूप होतो, आणि त्या अंशाचे घटक मूळ पाषाणाचे नसतात. गोठविलेले सरबत वितळू लागले म्हणजे पहिला निथळलेला रस अधिक गोड असतो व मागे फिका बर्फ उरतो. तसेच पोटॅशियम, टायटॅनियम आदी द्रव्ये आरंभीच्या रसात गोळा होतात. वितळण जितकी अल्प, तितका रस या द्रव्यांनी संपन्न; जितकी अधिक, तितका तो विरळ.

म्हणूनच महासागरांतही बेसाल्टची, म्हणजे या काळ्या पाषाणाची, घराणी निरनिराळी झाली. अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसारख्या ठिकाणी, जेथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर होतात, तेथे प्रावरण थेट समुद्रतळाच्या जवळपर्यंत वर चढते, शेकडा दहाच्या आसपास वा अधिक वितळते आणि सहा-सात किलोमीटर जाडीचे कवच घडविते. शिवाय ते प्रावरण पूर्वीच एकवार आपली पोटॅशियमसारखी द्रव्ये गमावून बसलेले असते, तेव्हा तेथील बेसाल्ट पोटॅशियमने दरिद्री निघतो. उलट रियुनियन अथवा हवाई बेटांखाली वरच्या जाड भूपट्टाचे झाकण असल्याने तप्त पाषाणाची चढण अर्ध्यावरच थांबते. वितळण साधारणतः अधिक खोल, गार्नेट हे खनिज जेथे टिकते अशा दाबाखाली, आणि बहुधा अल्प प्रमाणात होते. गार्नेट जड विरल मृद्धातूंना आपल्यापाशी धरून ठेवते, म्हणून रसायनशाळेत त्यांचे प्रमाण मोजताच खोलीची खातरजमा करता येते.

आपल्या दख्खनच्या पाषाणाचे नाते बहुधा या रियुनियनशीच जोडले जाते. ६.६ कोटी वर्षांच्या सुमारास, भारत उत्तरेकडे सरकत असता, आजच्या रियुनियनखाली असलेल्या तप्त स्रोतावरून तो गेला, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. १९८७ मध्ये महासागरात केलेल्या खोदकामाने या मतास भक्कम दाखला दिला : मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा, अशी दक्षिणेकडे वये कमी होत जातात. तथापि दख्खनचा रस महासागरात नव्हे, भूखंडावर, बहुतांशी भेगांवाटे पसरला. शहापूर-मुरबाडच्या मुलखातील भित्तिका, म्हणजे भेगांतच थिजलेल्या रसाच्या भिंती, ही त्या भेगांचीच शिल्लक. अंबाडीच्या परिसरातील ताज्या फोडीवर करडा, बारीक कणांचा पृष्ठभाग, त्यात चमकणाऱ्या पांढऱ्या काड्या आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांत साचलेली पांढरी खनिजे दिसतात. समुद्रतळावरून आणलेला तुकडाही पुष्कळदा असाच दिसेल. नजरेने भेद होत नाही, तो स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांनी होतो. महाबळेश्वरकडील आंबेनळी थरांतील बेसाल्टचे हे समस्थानिक महासागरी बेसाल्टच्या पुष्कळ जवळ जातात. त्याच थरांच्या खाली असलेल्या बुशे थरांचे मात्र दूर राहतात, कारण तो रस वर येताना भूखंडाच्या जुन्या ग्रॅनाइटसदृश खडकांत थबकला आणि त्यांचा अंश आपल्यात विरघळवून घेऊनच बाहेर पडला.