मालमोटारीचे भाडे आणि दलाली

कांदा शेतात पिकला, चाळीत टिकला आणि चांगल्या भावाने विकला गेला, तरी त्याची परीक्षा तेथे संपत नाही. निफाड तालुक्यातील लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथे भरलेली मालमोटार हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता तोडून दिल्लीच्या आझादपूर बाजारात पोहोचते. या प्रवासाचे भाडे व्यापारी भरतो, तेव्हा शेतकऱ्यास त्याच्याशी काय कर्तव्य, असे पुष्कळांना वाटते. पण लिलावात बोली लावताना व्यापारी दिल्लीच्या भावातून भाडे, हमाली, घट व आपला नफा वजा करूनच बोली लावतो. म्हणजे भाडे कोणीही मोजले, तरी त्याचा भार उत्पादकाच्या भावावर पडतो. उत्पादकांचे गट आणि कंपन्या स्वतः माल पाठवू लागल्या आहेत. त्यांना तर हा हिशेब समजून घेणे अत्यंत जरूर आहे.

दलालाचे काम

बैलगाड्यांच्या काळात वाटेवरच्या जकातीसह ठरीव रकमेत माल पोहोचविण्याचा मक्ता घेणाऱ्यास हुंडेकरी म्हणत. आजचा वाहतूक दलाल हा काही अंशी त्याचाच वारस होय. मालमोटारीचा मालक पुष्कळदा एक-दोन गाड्यांचाच धनी असतो. परगावी गाडी रिकामी झाली म्हणजे तेथे माल कोणाकडे आहे हे त्यास ठाऊक नसते. आणि माल पाठविणाऱ्यास रिकामी गाडी कोठे आहे हे ठाऊक नसते. या दोघांची गाठ दलाल घालून देतो. गाडीची व चालकाची कागदपत्रे तपासणे, भरणीच्या वेळी भाड्याची आगाऊ रक्कम देणे आणि माल पोहोचल्याची सही असलेली पावती परत आल्यावर बाकी चुकती करणे, ही कामेही तो करतो. या श्रमाचा आणि जोखमीचा मोबदला त्यास मिळणे रास्तच आहे. प्रश्न आहे तो मोबदला किती आणि कोणत्या रीतीने, एवढाच.

दलालीच्या दोन रीती

पहिली रीत उघड दलालीची. भाडे दोन्ही पक्षांसमोर ठरते आणि त्यातून शेकडा काही रक्कम, किंवा प्रत्येक खेपेमागे ठरीव रक्कम, दलाल घेतो. दुसरी रीत फरकाची. दलाल माल पाठविणाऱ्यास एक भाडे सांगतो, गाडीवाल्याशी दुसरे ठरवितो आणि मधला फरक स्वतःकडे ठेवतो. मालाची पूर्ण जबाबदारी जो स्वतःच्या नावावर घेतो, त्याने असा फरक ठेवणे गैर म्हणता येत नाही. परंतु जबाबदारी कोणतीच नाही आणि फरक मात्र मोठा, असे झाले म्हणजे नुकसान दोन्ही टोकांना होते.

भाडे कसे बसते

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपल्या मार्गाचे आकडे घालून हिशेब करावा. अंतर १,२०० किलोमीटर, माल १८० क्विंटल आणि प्रवास व खोळंबा मिळून ४ दिवस धरू. गाडीस परतीचा माल मिळणार आहे, असेही समजू.

डिझेल, लिटरला ४ किलोमीटर व ९० रुपये दराने: २७,००० रुपये
पथकर: ९,००० रुपये
चालक व क्लीनर यांचा भत्ता: ५,००० रुपये
टायर व दुरुस्ती: ६,००० रुपये
कर्जाचा हप्ता, विमा व कर, रोज ३,५०० रुपयांप्रमाणे: १४,००० रुपये
एकूण खर्च: ६१,००० रुपये

क्विंटलला ४०० रुपये भाडे ठरले, तर एकूण ७२,००० रुपये होतात. दलालाने शेकडा ५ प्रमाणे ३,६०० रुपये घेतल्यास गाडीवाल्यास ६८,४०० रुपये मिळतात आणि खर्च जाऊन त्याच्या हाती ७,४०० रुपये उरतात. येथे तिघांचेही भागते.

आता तेच ७२,००० रुपये माल पाठविणाऱ्याने दिले, पण गाडीवाल्याशी ६०,००० रुपयांतच सौदा झाला असे समजू. दलालास १२,००० रुपये राहिले आणि गाडीवाल्यास १,००० रुपयांची तूट आली. ही तूट तो कोठून तरी भरून काढणारच. वाटेत तो जादा माल भरतो, त्यासाठी दिवसभर थांबतो, जुन्या टायरांवर आणखी एक खेप ओढतो, किंवा झोप न घेता गाडी हाकतो. जादा भाराखाली तळाच्या गोण्यांतील कांदा दबतो. उन्हात उभ्या असलेल्या, ताडपत्रीने घट्ट झाकलेल्या गाडीत वारा खेळत नाही आणि माल सडू लागतो. भाड्यात दडविलेला पैसा अशा रीतीने मालाच्या प्रतीतून वसूल होतो. माल पाठविणाऱ्याने तर पूर्ण भाडे मोजलेलेच असते.

परतीचा माल व हंगाम

परतीचा माल मिळण्याची खात्री नसेल, तर रिकाम्या फेरीचा खर्च जातानाच्या भाड्यावर बसतो. यामुळेच एकाच मार्गाचे जाण्याचे व येण्याचे भाडे वेगळे असू शकते. उन्हाळी कांद्याची आवक वाढते तेव्हा गाड्यांची मागणी एकदम वाढते आणि भाडे चढते. ही चढ-उतार स्वाभाविक आहे. म्हणून गेल्या महिन्याचे भाडे आज मागू नये. निदान दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशीचे भाडे विचारावे.

कायद्याचा आधार

मालमोटारीने जाणारा माल गोळा करण्याचा व पुढे पाठविण्याचा धंदा करणाऱ्या एजंटास मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ९३ प्रमाणे परवाना लागतो. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या रस्ता मालवाहतूक कायदा, २००७, याने १८६५ चा जुना कायदा रद्द केला. नव्या कायद्यात ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत दलालाचाही उल्लेख आहे व वाहकास नोंदणी आवश्यक केली आहे. नुकसानीबद्दल दावा करावयाचा असल्यास माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहकास लेखी सूचना द्यावी लागते. जादा भाराबद्दल २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

गटाने काय करावे

१. दलालाचा परवाना व नोंदणी पाहावी.
२. एकूण भाडे, गाडीवाल्याचा वाटा व दलाली या तिन्ही रकमा चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात.
३. हमाली व खोळंब्याचा आकार कोणी द्यावयाचा, हे भरणीपूर्वीच ठरवावे.
४. पावतीवर गाडीचा क्रमांक, वजन, गोण्यांची संख्या व मालाची किंमत नोंदवावी. किंमत व जोखीम यांची विशेष नोंद नसल्यास वाहकाची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते.
५. भरणीस गाडी ताटकळत ठेवू नये. पोहोच पावती येताच बाकी चुकती करावी.

गाडीवाला तोट्यात गेला तर माल सुखरूप पोहोचत नाही, आणि दलालास काहीच मिळाले नाही तर वेळेवर गाडी मिळत नाही. यास्तव सर्वांत कमी भाडे हे नेहमीच स्वस्त भाडे नव्हे. ज्याचा हिशेब तिघांनाही दाखविता येतो, तेच भाडे न्याय्य होय, आणि उत्पादकाचे हितही त्यातच आहे.