धावपट्टीवरचा तांबडा दिवा

विमानाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वादळ, डोंगर, नाहीतर बंद पडलेले इंजिन उभे राहते. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या प्राणहानीचा अपघात जमिनीवर घडला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुके होते. एक डच बोइंग ७४७ उड्डाणासाठी धावत सुटले आणि त्याच पट्टीवर एक अमेरिकन ७४७ समोरून सावकाश येत होते. ५८३ माणसे मरण पावली. डच कप्तान चांगला मुरलेला वैमानिक होता. त्याने उड्डाणाची परवानगी मिळाली असे धरले. मनोऱ्यातील नियंत्रकाला वाटले, विमान थांबलेले आहे. त्याच क्षणी नियंत्रक आणि अमेरिकन वैमानिक दोघेही रेडिओवर एकदम बोलले, आणि जे शब्द त्या कप्तानाला वाचवू शकले असते त्यांच्या जागी त्याच्या विमानात नुसती कर्कश शिट्टी उमटली.

बरे, हा केवळ धुक्याचा दोष म्हणावा, तर तसेही नाही. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस अँजेलिसला रात्रीच्या वेळी नियंत्रकाने एक लहान विमान पट्टीवर उभे करविले आणि गडबडीत ते विसरून दुसऱ्या विमानाला तेथेच उतरू दिले. ३५ जण दगावले.

यावर उपाय म्हणून मनोऱ्यात रडार बसविण्यात आले आणि त्याला धोक्याची सूचना देणारे यंत्रही जोडले गेले. पण सूचनेचा प्रवास पाहा. यंत्राने सूचना द्यायची, नियंत्रकाने ती पाहायची, समजून घ्यायची, मग बोलायचे, मग वैमानिकाने ऐकायचे! तेवढ्यात उड्डाणाच्या वेगातले विमान दर सेकंदाला साठ-सत्तर मीटर पुढे गेलेले असते. म्हणून अमेरिकेच्या वाहतूक-अपघात तपास मंडळाने २००० साली शिफारस केली की, इशारा थेट वैमानिकालाच मिळाला पाहिजे.

आगगाडीच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी सुटला. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने रुळांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडण्याची युक्ती काढली. गाडी त्या रुळांवर आली की तिच्या चाकांमुळे प्रवाह आखूड वाटेने वळतो आणि सिग्नल आपोआप धोका दाखवतो. विमानाला मात्र रूळ नाहीत. ते नेमके कोठे आहे हे कळावे तरी कसे? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेने जी योजना विकसित केली, तिच्यात रडारच्या जोडीला विमानतळावर ठिकठिकाणी ग्राहकयंत्रे असतात. विमानातून निघालेला रेडिओ-संकेत प्रत्येक यंत्रापाशी किंचित निरनिराळ्या वेळी पोचतो, आणि त्या फरकावरून संगणक विमानाची जागा काढतो. २००५ मध्ये डॅलस-फोर्टवर्थ येथे या दिव्यांची प्रत्यक्ष परीक्षा सुरू झाली. पुढे ते अमेरिकेतील वीस विमानतळांवर व पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावरही आले.

दिवे जमिनीतच बसविलेले असतात. पट्टीवर एखादे विमान वेग घेऊ लागले, किंवा उतरणारे विमान सुमारे मैलभरावर आले, की पट्टीला मिळणाऱ्या वाटांच्या तोंडाशी तांबडी रांग उजळते. तसेच, उड्डाणासाठी उभ्या असलेल्या विमानापुढे पट्टीवर कोणी असेल, तर त्याच्यासमोर मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना तांबड्या दिव्यांच्या ओळी लागतात. टेनेरिफच्या कप्तानापुढे त्या असत्या तर!

यातील खरी कसोटी दिवा लावण्यात नसून तो विझविण्यात आहे, असे मला वाटते. धोका टळल्यावरही दिवा जळत राहिला, तर चार दिवसांत वैमानिक त्याला मोजेनासा होईल. म्हणून धावणारे विमान एखाद्या वाटेच्या तोंडापाशी पोचण्याच्या दोन-तीन सेकंद आधीच तेथील दिवे मालवतात. कारण तेवढ्यात कोणी आत शिरणे शक्य नसते.

आणि यात हिरवा दिवा मुळीच नाही, हे विशेष. दिवा विझला म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. ती नियंत्रकानेच द्यावी लागते. परंतु नियंत्रक ‘जा’ म्हणत असेल आणि समोर तांबडे दिसत असेल, तर वैमानिकाने थांबून त्याला तसे कळवायचे. यंत्राला नकाराधिकार आहे, होकाराचा नाही. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

टोकियोच्या हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान पट्टीवर शिरून उभे राहिले आणि उतरणारे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच गेले. मनोऱ्यातील पडद्यावर तेव्हा सूचना उमटत होती. ती नियंत्रकाच्या ध्यानी आली नाही.

तरीही या दिव्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. ते जमिनीवरच्या विमानासाठी आणि वाहनांसाठी आहेत. वरून उतरत येणाऱ्या वैमानिकाला ते काही सांगत नाहीत. लॉस अँजेलिसचा अपघात त्यांनी टळला नसता. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उतरून टेकले, तेव्हा पुढचे विमान त्याच पट्टीवरून उड्डाणासाठी धावतच होते. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही. पण तसल्या प्रसंगी मागच्या वैमानिकाला सावध करण्यासाठी वेगळ्याच खुणेची गरज आहे.