यंत्राला नजर देणारी 81 छायाचित्रं

मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होतोय का, हे संगणकाला ओळखायला शिकवणारे शोधनिबंध वाचताना नांदेडचं नाव सारखं भेटत होतं. ‘आयडीआरआयडी’ हा जगभर वापरला जाणारा छायाचित्रसंच नांदेडचा. इथल्या एका नेत्रदवाखान्यात 2009 ते 2017 या काळात काढलेली पडद्याची 516 छायाचित्रं एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतले प्रसन्न पोरवाल, समीक्षा पचाडे, प्रा. मनेश कोकरे आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सर्वांसाठी खुली केली. ही छायाचित्रं निघतात कशी, ते बघायला मी शहरातल्या एका दवाखान्यात पडदा तपासणीच्या वेळी जाऊन बसले.

बाहुली मोठी व्हायला थेंब टाकतात, थोडा वेळ बाकावर बसवतात, मग कॅमेऱ्यापुढं नेतात.

“मावशी, हनुवटी इथं टेकवा. हिरव्या लाइटकडं बघा. हलू नका.”

लोह्याकडून आलेल्या मावशींची शुगर जुनी. “मला काय झालंय? अजून सुईत दोरा ओवते की मी!” लख्ख उजेड पडला, डोळ्यांतून पाणी आलं. तंत्रज्ञ मुलीनं त्यांच्या हातात कापूस दिला आणि संगणकावर चित्र मोठं केलं. नारिंगी गोलात, बारीक रक्तवाहिनीच्या कडेला, एक लाल ठिपका. रक्तवाहिनीला आलेला हा फुगा सव्वाशे मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. मावशींना त्याचा काही पत्ता नव्हता. त्यांचं ते सुईदोऱ्याचं वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

असा ठिपका यंत्राला आपोआप कळत नाही. नांदेडच्या संचातली सगळी 516 छायाचित्रं आजाराच्या तीव्रतेनुसार लावलेली आहेत. पण एकेक ठिपका, रक्तस्रावाचा डाग, पिवळट साका कडेकडेनं आखलेली छायाचित्रं फक्त 81. आकडा लहान वाटेल. पण एका छायाचित्रात सव्वा कोटीच्या घरात बिंदू असतात आणि त्यातले आजाराचे कोणते, हे माणसानं बसून दाखवायचं असतं. डाग आणि नुसती सावली यांतला फरक ओळखायला मुरलेली नजर लागते. त्या 81 छायाचित्रांमागे अशी नजर आहे, म्हणूनच देशोदेशीचे संशोधक आपल्या यंत्राची परीक्षा त्यांवर घेतात.

यंत्र थकत नाही. शंभरावा पडदाही ते पहिल्याइतकाच नेटानं बघतं. तालुक्याच्या गावी कॅमेरा आणि असं यंत्र असेल, तर संशयास्पद पडदे आधी निवडता येतील आणि नेत्रतज्ज्ञाचा वेळ ज्याला खरी गरज आहे त्याला मिळेल. निदानाचा शेवटचा शब्द मात्र डॉक्टरांचाच राहिला पाहिजे. यंत्र चुकलं तर रुग्णासमोर बसून उत्तर द्यायला माणूसच लागतो.

घरात कुणाला शुगर असेल, तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. दिसेनासं होईपर्यंत थांबलात, तर गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.