मद्यामद्यांतील भेद आणि वर्ध्याची दारूबंदी

वर्धा जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला, समुद्रपूर तालुक्यात, गिरड हे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील भाविक तेथे जातात. टेकडीच्या परिसरात फळांसारखे गोलसर दगड सापडतात. भूशास्त्र त्यांना झिओलाइट खनिजाच्या गाठी म्हणते. लोककथा निराळे सांगते. माल लादून चाललेल्या दोन बंजारा व्यापाऱ्यांनी साधुपुरुषाची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड होऊन पडला. पुढे ते शरण आले, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. पोते बाहेरून तेच राहते, आतील वस्तू मात्र बदलते, हा त्या कथेतील व्यवहाराचा भाग. आज या मुलखात दुसऱ्या एका मालाविषयी नेमका हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो माल म्हणजे दारू.

महात्मा गांधी आणि विनोबा यांच्या वास्तव्याने पुनीत झालेला जिल्हा म्हणून वर्ध्यात सुमारे अर्धशतकापासून दारूबंदी आहे. गिरडपासून नागपूर जिल्ह्याची हद्द दूर नाही आणि तेथे परवान्याची दुकाने उघडी आहेत. दुसऱ्या बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरील अशा गावात कायद्याच्या पुस्तकातील रेषा आणि बाजारातील वाट यांची गाठ रोज पडते. या गाठीतून कोणत्या प्रकारचे मद्य माणसाच्या हाती येते, याचा विचार बंदीचे समर्थक करीत नाहीत आणि विरोधकही करीत नाहीत. दोघांच्याही लेखी ‘दारू’ ही एकच वस्तू असते.

एक शब्द, अनेक वस्तू

वस्तुतः ती एक वस्तू नाही. धान्य, फळ, फूल वा झाडाचा रस आंबवला की त्यातील साखरेचा मद्यार्क होतो; पण मद्यार्क सुमारे १४-१५ टक्क्यांवर गेला की ते काम करणारे यीस्टच निकामी होऊ लागते. निसर्गाने घातलेली ही मर्यादा आहे. ताडी, बिअर आणि वाइन ही या मर्यादेच्या आतली पेये होत. साधी बिअर सुमारे ५ टक्के, ‘स्ट्राँग’ बिअर ८ टक्क्यांपर्यंत, वाइन १२-१३ टक्के. मनुष्याने ऊर्ध्वपातनाची युक्ती शोधली आणि ही मर्यादा ओलांडली. व्हिस्की, रम, ब्रँडी आणि आपली देशी संत्रा यांच्या बाटल्यांवर जे ‘२५ अंश यू. पी.’ छापलेले असते, त्याचा अर्थ ४२.८ टक्के मद्यार्क असा आहे.

गोव्यात हा फरक सामान्य शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतो. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून भाटीत चढवला की पहिल्या धारेचा सौम्य उर्राक मिळतो. त्यावर पुन्हा संस्कार केला की तीव्र फेणी होते. उर्राक हंगामातच, उन्हाळ्यात, प्यायचा. फेणी जपून ठेवायची आणि मापाने घ्यायची, असा तेथील रिवाज. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्व विदर्भातील मोहाच्या दारूला मात्र अशी प्रतिष्ठा कधी लाभली नाही. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचणाऱ्या बाया आजही दिसतात. परंतु फुलांपासून बाटलीपर्यंतचा पुढील सारा प्रवास लपूनछपून होतो. लपूनछपून होणाऱ्या कामात सचोटी टिकणे कठीण. मोहफुलांच्या सडव्यात पुष्कळदा गूळ आणि नवसागर मिसळतात, आणि नाव मात्र मोहाचे राहते.

वर्ध्याला तर हा भेद फार पूर्वीच उमगला होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याची धुरा वाहत. ताडगुळाचा उद्योग हा त्या चळवळीच्या आवडीच्या विषयांपैकी एक होता. झाडाचा तोच रस पहाटे नीरा असतो, दुपारपर्यंत त्याची ताडी होते आणि वेळीच कढवला तर गूळ होतो. झाड तोडा, असे त्या लोकांनी सांगितले नाही. रसाच्या कोणत्या अवस्थेला उत्तेजन द्यायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. नीती आणि अर्थशास्त्र यांचा इतका साधा मेळ पुढे क्वचितच घातला गेला.

बंदीचा कल तीव्रतेकडे

बंदी आली की पहिला बळी सौम्य पेयाचा जातो. याचे कारण अंकगणितात आहे. बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्क्यांच्या हिशेबाने ३२.५ मिलिलिटर, तर ८ टक्क्यांच्या हिशेबाने ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो. उलट १८० मिलिलिटरच्या एका पव्व्यात तो ७७ मिलिलिटर भरतो. म्हणजे बिअरच्या बारा बाटल्यांच्या जड खोक्यात जेवढा मद्यार्क आहे, तेवढा पाच ते आठ पव्व्यांत मावतो. चोरून माल आणणारा मनुष्य धोका पत्करतो तो वजनाचा आणि आकारमानाचा. पिशवीत, कपड्यांत किंवा दुचाकीच्या डिकीत काय न्यायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. सीमेपलीकडून तीव्र मद्य येते. गावात जे गाळले जाते तेही तीव्रच असते. बंदीच्या जिल्ह्यातील तरुणाची मद्याशी पहिली ओळख होते ती बहुधा सर्वांत कडक रूपात, अंधारात आणि घाईने.

अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात हाच अनुभव घेतला. क्लार्क वॉरबर्टन या अर्थशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदीमुळे बिअरचा खप कोसळला पण तीव्र मद्याचा तसा कोसळला नाही, हे दाखवून दिले. आज श्रीमंती हॉटेलांचे भूषण समजल्या जाणाऱ्या कॉकटेलचा इतिहासही येथे आठवण्यासारखा आहे. कॉकटेल हा प्रकार बंदीपूर्वीचाच. परंतु चोरट्या, अर्ध्याकच्च्या जिनची उग्र चव लिंबू, मध आणि फळांच्या रसाखाली झाकण्याची गरज त्या काळात विशेष भासली. चव झाकता येते. पोटात जाणारा पदार्थ झाकण्याने बदलत नाही.

महानगरांत अलीकडे मद्याच्या रसिकतेचे मोठे कौतुक चालते. कोणत्या व्हिस्कीला धुराचा वास, कोणत्या बिअरला कडवटपणा अधिक, कोणत्या मिश्रणात लिंबू किती, याची चर्चा हौसेने होते. बंदीच्या जिल्ह्यातील शिक्षकाला वा कारकुनाला ही चैन वाटली तर नवल नाही. परंतु या हौशी तुलनेच्या मुळाशी एक नागरी हक्क आहे. आपण काय पितो, त्यात किती मद्यार्क आहे आणि ते कोणी बनवले, हे ग्राहकाला ठाऊक असते म्हणून तो तुलना करू शकतो. ज्याच्यापुढे झाकण नसलेली प्लास्टिकची बाटली येते, त्याला हा हक्क नाही. आणि येथे रसिकाची जीभही उपयोगी पडत नाही. मिथेनॉल हे विष वासावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते बहुतांशी कष्टकरी होते. स्वस्त आणि कडक एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता.

कराचा तराजू

बंदी नसलेल्या जिल्ह्यांत तरी शासन हा भेद जाणते काय? कायद्याच्या एका कोपऱ्यात जाणते. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी २१ वर्षांची आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. किमतीच्या बाबतीत मात्र हा विवेक हरवतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्काची फेररचना केली. तीनुसार १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये अशी ठरली. दोन्हींत मद्यार्क मात्र सारखाच. म्हणजे देशीत एक मिलिलिटर मद्यार्क साधारण एका रुपयाला पडतो, विदेशीत अडीच रुपयांहून अधिकाला. देशीशी बरोबरी करायची तर ‘स्ट्राँग’ बिअरची बाटली सुमारे ५४ रुपयांना आणि साधी बिअर सुमारे ३४ रुपयांना मिळावी लागेल. त्या दरात ती महाराष्ट्रात कोठेही मिळत नाही. रोजंदारीवरील मजूर हा हिशेब कागदावर मांडत नाही, पण त्याचे आचरण बिनचूक हिशेबी असते. भारतात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश ‘स्ट्राँग’ असते, तेही याच हिशेबाने.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचे. पहिल्या महायुद्धात धान्यटंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये त्या देशाने तीव्र मद्यावर जबर कर बसवला. तेथील अॅक्वाविट या मद्याची किंमत दहापटींहून अधिक झाली. बिअरची साधारण दुप्पट. दोन वर्षांत दरडोई मद्यार्काचा खप सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला आणि ब्रँडीपिणारा म्हणून ओळखला जाणारा समाज बिअरकडे वळला. कोणालाही तुरुंगात न घालता हा पालट घडला.

बंदीमागची वेदना

या विवेचनावरून बंदी उठवावी असा निष्कर्ष घाईने काढणे योग्य होणार नाही. बंदीची मागणी स्त्रियांच्या अनुभवातून उठलेली आहे. मजुरीचा पैसा घरी येत नाही, मार मात्र रोज येतो, हे ज्यांनी सोसले त्यांना मद्यार्काच्या टक्केवारीचे व्याख्यान देणे उद्धटपणाचे ठरेल. ‘आडवी बाटली’च्या मतदानात नोंदणीकृत स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी दुकानाविरुद्ध कौल दिला की ते बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि अनेक गावांनी ती वापरली आहे. त्या स्त्रियांचा रोष मद्याच्या एखाद्या प्रकारावर नसून घरातील विध्वंसावर आहे. परंतु हा विध्वंस मुख्यत्वे कोणत्या मद्याने होतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. चंद्रपूरच्या बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीपुढे अवैध विक्रीचा प्रश्न आला, तो याच अर्थाने गंभीर होता. दुकान बंद झाले तरी बाटली आलीच, आणि ती कोणी तपासलेली नव्हती.

म्हणून बंदी ठेवायची तर तिच्याबरोबर दोन कर्तव्ये येतात. जप्त झालेला सडवा ओतून देण्याची छायाचित्रे पुरेशी नाहीत. जप्त मद्याच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष गावनिहाय, ठरावीक मुदतीने जाहीर झाले पाहिजेत, म्हणजे विषाची चाहूल मृत्यूच्या आधी लागेल. आणि बंदी नसलेल्या जिल्ह्यांत कर बाटलीच्या जातीवर न बसवता तीतील मद्यार्कावर बसवला पाहिजे, त्यातही तीव्रतेबरोबर त्याचा दर चढता असला पाहिजे. देशीच्या किमतीला त्यामुळे झळ बसेल आणि काही मंडळी गरिबाचा कळवळा आणतील. पण गरिबाला सर्वांत कडक वस्तू सर्वांत स्वस्त पुरवणे ही त्याची सेवा नव्हे. त्याच वेळी हातभट्टीवरील तपासणी सैल पडली, तर महागलेल्या देशीची जागा विष घेईल. म्हणून ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

गिरडच्या टेकडीवर जाणारा भाविक तेथील एखादा दगड हातात घेऊन न्याहाळतो आणि जुन्या व्यापाऱ्यांचा माल म्हणून श्रद्धेने जागेवर ठेवतो. त्या मालाचे रूप सर्वांना दिसले, म्हणून व्यापारी शरण आले आणि वाचले. टेकडीखालच्या रस्त्याने रात्री जाणाऱ्या पिशवीतला माल मात्र कोणालाच दिसत नाही. तो काय आहे, हे पिणाऱ्याच्या घरच्यांना कळते तेव्हा उशीर झालेला असतो.